कुठला काळा?

दिल्लीकडे एप्रिल लागला की माळ्यावरून कूलर उतरतो आणि त्याच्या मागोमाग कूलरचं लोखंडी स्टँड. या स्टँडचे चार पाय चार दिशांना गेलेले असतात आणि जिन्यातून खाली येताना ते वाटेतल्या प्रत्येकाची विचारपूस करत येतं. 2024 च्या एप्रिलात अशाच कुठल्या तरी स्टँडने खाली उभ्या असलेल्या माझ्या बुलेटच्या टाकीची विचारपूस केली. चार बोटं लांब ओरखडा. आतला पत्रा दिसत होता.

मी राहतो वैशालीत. पुणेकरांनी लगेच सांबार आठवू नये. फर्ग्युसन रस्त्यावरची ती वैशाली वेगळी. ही गाझियाबादची, दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गाचं एक टोक. बसायला जागा मिळत नाही, एवढंच काय ते दोघींत साम्य.

इमारतीत कूलरवाली बिऱ्हाडं तीन. तिघांकडेही जाऊन आलो. पहिल्यांनी चहा पाजला आणि आपलं स्टँड गेल्याच वर्षी भंगारात दिल्याचं सांगितलं. तिसऱ्यांनी आता एसी घेतल्याचं सांगितलं, तेही खिडकीतल्या कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून. दुसऱ्या मजल्यावरचे भाईसाहब मात्र माणुसकीचे. ते चपला घालून खाली आले, ओरखड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "अरे, काला ही तो है. काले पे काला लगा दो."

हे वाक्य मला पुढे सहा महिने पुरलं.

कारण गाडी नुसती काळी नाही, मॅट काळी आहे. कंपनीने 2017 साली क्लासिक 500 'स्टेल्थ ब्लॅक' या नावाने बाजारात आणली, त्यातली एक मी पुढच्या वर्षी घेतली. वय तेव्हा शेहेचाळीस. या वयात पुरुष एकतर योगासनं लावतो किंवा बुलेट घेतो. योगासनं स्वस्त पडली असती. मिरजेहून आई आली तेव्हा तिने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि हळूच विचारलं, "जुनी घेतलीस का रे?" तिचंही बरोबरच होतं. आमचे बाबा दर रविवारी स्कूटर अशी पुसायचे की तिच्यात बघून भांग पाडावा. आणि त्यांचा मुलगा, दिल्लीत नोकरी करणारा, अजिबात न चमकणारी गाडी घेतो, आणि वर तिचे पैसेही देतो!

मोठा भाऊ निवृत्त शिक्षक. त्याला फोनवर ओरखड्याचं सांगितलं तर म्हणाला, "फळ्याचा रंग दे की. त्याच्याइतका मॅट दुसरा कुठला?" मग त्याला आपलं गाव आठवलं. पंधरा ऑगस्टच्या आधी पोरं टॉर्चचे जुने सेल फोडून आतली काळी पूड काढायची, कसल्याशा पानांचा रस काढायची आणि दोन्ही कालवून शाळेचा फळा सारवायची. "एकसारखा काळा व्हायचा बघ," दादा म्हणाला. मी म्हटलं, दादा, गाडी आहे, तिच्यावर पाढे लिहायचे नाहीत.

तरी पहिला उद्योग मी घरीच केला. स्प्रेचा डबा आणला, त्यावर 'मॅट ब्लॅक' असं स्पष्ट लिहिलेलं. डबा हलवला की आत गोळी खुळखुळते. दोन मिनिटं खुळखुळवायचा आणि वीतभर लांबून फवारायचा. ओरखड्याभोवती हिंदी वर्तमानपत्राची चौकट चिकटवली आणि फवारलं. दिल्लीत मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास राजस्थानातून काय येतं हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आंधी आली. मी टाकीवर छत्री धरली. छत्री उडाली आणि रंग ओला असतानाच थरच्या वाळवंटाचा एक लहानसा पण मूळचा तुकडा माझ्या टाकीवर कायमचा वस्तीला आला.

तो तुकडा घालवायला मी कापडाने घासलं, आणि इथे मॅटचा खरा स्वभाव कळला. घासलेली जागा चमकायला लागली. म्हणून आणखी घासलं, तर आणखी चमकली. शेवटी टाकीवर चार इंचांचा एक चौकोन तयार झाला. मधे वाळू, भोवती लकाकी. आमची ही बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "अहो, करपलेल्या पोळीवर तूप लावल्यासारखं दिसतंय."

हे का होतं ते मी नंतर वाचून काढलं. विहिरीचं पाणी स्थिर असलं की त्यात आपलं तोंड दिसतं. वाऱ्याने शहारलं की दिसत नाही. पाणी तेच असतं. चकचकीत रंग म्हणजे स्थिर पाणी आणि मॅट म्हणजे शहारलेलं. हा शहारा आणायला वरच्या थरात सिलिकाची पूड घालतात, तिचा एकेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या हिशोबातला. ही पूड पृष्ठभाग खडबडीत करते आणि उजेड परत न पाठवता इकडेतिकडे उधळून लावते. घासलं की खडबड सपाट होते आणि मॅट रंग तुमच्या डोळ्यांदेखत तत्त्व सोडतो. चकचकीत रंगात धूळ बसली तर दोन हजार नंबरच्या कागदाने पाणी लावून घासा, कंपाउंड फिरवा, पाप धुतलं जातं. मॅटला प्रायश्चित्त नाही. एक ओरखडा पडला तरी पूर्ण टाकी नव्याने रंगवायची. मधल्यामधे ठिगळ लावता येत नाही.

तेव्हा करोल बाग.

करोल बागेचं नाव मराठी माणसाला साडी आणि लग्नाच्या खरेदीसाठी ठाऊक असतं. दिल्लीच्या दुचाकीवाल्याला मात्र तिथल्या नाईवाला आणि हरध्यानसिंग रोड या दोन गल्ल्या ठाऊक असतात. जुन्या बुलेटी, त्यांचे हँडल, सीट, सायलेन्सर, बॅगा, चाकं, सगळं फूटपाथवर मांडलेलं. एक धड मोटरसायकल घेऊन जावं आणि संध्याकाळी दुसरीच घेऊन यावं अशी सोय. आणि याच करोल बागेत टँक रोड आहे. मी पहिल्यांदा आशेने तिथेच शिरलो. टँक रोडवर टँक मिळत नाही, ठोक भावाने जीन्स मिळते. तेव्हा हसलो. नंतर कळलं की मॅट टाकीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मांडीला घट्ट बसलेली जीन्स, कारण बसता-उठता तीच टाकी घासून चमकवते. हार्ले-डेव्हिडसनवाले तर आपल्या मॅट रंगालाच 'डेनिम' म्हणतात. 2023 साली हीरोबरोबर त्यांनी जी एक्स 440 काढली, तिच्या सगळ्यात स्वस्त प्रकाराचं नावही तेव्हा डेनिम होतं. तेव्हा जीन्स आणि टाकी यांचा संबंध अमेरिकेतही लोकांना माहीत आहे. दिल्ली महापालिकेला तर आधीपासून असावा.

पहिल्या फेरीला मी गाडी नेली नाही. शहाणपणा केला: बाजूचं एक झाकण काढलं, शालीत गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि मेट्रोने निघालो. साडी कशाला न्यायची, पदराचा तुकडा नेला तरी मॅचिंग होतं, असा माझा हिशेब. स्टेशनवर यंत्रातून पिशवी गेली आणि जवानाने मला बाजूला घेतलं.

"ये क्या है?"

"मोटरसाइकिल का ढक्कन."

"मोटरसाइकिल कहाँ है?"

"घर पे."

त्याने माझ्याकडे बघितलं, शालीकडे बघितलं. माणूस सभ्य दिसतो पण गाडी एकेक तुकडा करून पळवतो आहे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. मग केस पांढरे बघून सोडलं.

उस्तादजींची जागा एका गल्लीच्या आतल्या गल्लीत. वय साठीच्या आसपास, नखांत सगळे रंग, हातात चहा. ढक्कन त्यांनी घेतलं नाही. लांबूनच बघितलं.

"टंकी लाओ, साहब. ढक्कन ने धूप कहाँ देखी है."

आणि वर असंही म्हणाले की आत्ता आणूच नका, सावन निघून जाऊ दे. हवा ओली असली की रंगावर दह्यासारखी पांढुरकी साय धरते. आमच्याकडे तसंही जुलैत कावड यात्रेसाठी गाझियाबादचे निम्मे रस्ते बंद असतात, त्यामुळे मी आनंदाने परतलो. पावसाळाभर गाडी ठिगळ लावून फिरली. गंमत अशी की पाऊस पडत असताना ठिगळ दिसायचं नाही. लहानपणची पाटी आठवा. कोरडी पाटी करडी-काळी असते, ओल्या फडक्याने पुसली की काळीकुळकुळीत होते, आणि वाळली की परत मूळपदावर. पाण्याने खडबड भरून निघते आणि मॅटचा चकचकीत होतो. भर पावसात माझी गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसायची. बघायला मात्र तेव्हा रस्त्यावर कोणी नसायचं.

सप्टेंबरअखेर टाकीसह गेलो. म्हणजे गाडीसह. फूटपाथवरच टाकी उतरवली, आतलं पेट्रोल कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्यांत भरलं आणि बाटल्या माझ्या हातात दिल्या. टाकी काढलेली बुलेट फार दीनवाणी दिसते. पगडी काढून ठेवलेल्या कारभाऱ्यासारखी.

उस्तादजींनी टाकी ट्यूबलाइटखाली धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. चकाकी मोजायचं एक यंत्र असतं: साठ अंशांच्या कोनातून उजेड टाकायचा, किती परत येतो ते मोजायचं, आणि घासून लख्ख केलेल्या काळ्या काचेचे शंभर धरायचे. दहाच्या खाली आलं की मॅट. उस्तादजींचं यंत्र म्हणजे डोक्यावरची ट्यूब. टाकीत ट्यूबच्या कडा स्पष्ट दिसल्या तर चकचकीत, नुसता धुरकट पट्टा दिसला तर मॅट, आणि पट्टा किती फुगलाय त्यावरून किती मॅट ते ठरवायचं. बघून झालं आणि त्यांनी विचारलं,

"साहब, कौन-सा काला?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, जो आहे तो.

"यहाँ तीन हैं."

आणि त्यांनी दाखवले. सीटच्या खाली, जिथे सहा वर्षांत ऊन पोचलं नव्हतं, तिथे कंपनीचा काळा. टाकीच्या माथ्यावर उन्हाने उतरलेला, किंचित राखाडी काळा. आणि दोन्ही बाजूंना, गुडघ्यांच्या जागी, माझ्या सहा वर्षांच्या जीन्सने घोटून घोटून ठेवलेला चमकदार काळा. मी रोज बघत होतो आणि मला एकच दिसत होता. "किससे मिलाऊँ?"

हा प्रश्न मी घरी घेऊन आलो आणि जेवताना हिच्यापुढे मांडला. ती पोळी वाढताना थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मराठीत शब्द आहे: समाधान. पंचवीस वर्षं ती साडी घेऊन मॅचिंग सेंटरमधे ब्लाउजपीस शोधत होती आणि मी स्टुलावर बसून घड्याळ बघत होतो. "घे की कुठलाही, हिरवा तो हिरवाच," हे वाक्य मी किमान चाळीस दुकानांत उच्चारलं आहे.

"मी येते उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जे झालं त्यात माझं काम बाटल्या धरण्याचं. उस्तादजींनी तुपाच्या डब्यांची पाच झाकणं रंगवून ठेवली होती, खडूने पाठीवर नंबर घालून. पाचही काळी. मी पुढून बघितली, मागून बघितली. पाच झाकणं, एक रंग. ही पुढे झाली, पाचही उचलली आणि सरळ गल्लीबाहेर उन्हात गेली. "ट्यूबखाली कधी घ्यायचं नाही," जाता जाता मला म्हणाली. उस्तादजी चहा टाकून तिच्या मागे. उन्हात झाकणं टाकीवर ठेवली आणि खरंच सांगतो, पाच वेगळे रंग दिसले. एक निळसर, एक तपकिरीकडे झुकलेला, एक जांभळाच्या सालीसारखा. एक इतका सपाट की तवा.

यालाही कारण आहे. काळा रंग म्हणजे मुळात काजळी. आजी एरंडेलाच्या दिव्यावर ताट उपडं घालून धरायची तीच, फक्त कारखान्यात धरलेली. काजळीचा कण जितका बारीक, तितका काळा गडद आणि निळसर. कण जाड झाला की तपकिरी झाक येते. ट्यूबच्या उजेडात दोन काळे जुळे भाऊ वाटतात, उन्हात नेले की सावत्र निघतात. जर्मन लोकांच्या रंगांच्या यादीत नुसत्या काळ्याचेच वेगवेगळे नंबर आहेत, 9005 वेगळा, 9011 वेगळा. आपल्याकडे नंबर नाहीत, पण माणसं काही आंधळी नव्हती. केस काळेभोर, डोह काळाशार, अंधार काळाकुट्ट, कातळ काळाकभिन्न, घोडा काळाकुळकुळीत. डोहाला कुणी काळाभोर म्हणत नाही आणि केसांना काळेकभिन्न म्हणून बघावं, त्या दिवशी जेवण मिळणार नाही. चकाकीही त्या शब्दांतच बसवलेली. फक्त महागड्या मोटरसायकलचा काळा आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आला नाही. कोरड्या पाटीवर त्यांनी गणितं करून घेतली, शब्द करायचा राहिला.

काळ्यावरून माणसं भांडतातही. 2014 साली इंग्लंडात व्हँटाब्लॅक नावाचा काळा निघाला, अंगावर पडलेल्या उजेडातला 99.965 टक्के उजेड गिळून टाकणारा. तो चित्र-शिल्पांत वापरायचे हक्क एकट्याने घेतले ते अनिश कपूर यांनी, म्हणजे जन्माने मुंबईकराने. बाकीचे कलावंत भडकले. एकाने तर झणझणीत गुलाबी रंग काढला आणि तो अनिश कपूर सोडून कोणीही विकत घ्यावा असं जाहीर केलं. नाईवाल्याच्या गल्लीत त्या दुपारी वातावरण साधारण तसंच होतं. ही म्हणत होती तीन नंबर. उस्तादजी म्हणत होते चार. मी पाच म्हणालो, तर दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

"तीन थोडा नीला मारता है, बहनजी."

"आत्ता मारतोय. वरून ऊन बसलं की उतरेल. चार आत्ताच उतरलाय, तो वर्षभराने राखाडी होईल." हे तिने हिंदीत सांगितलं, पण मराठी ठसक्याने.

उस्तादजी गप्प बसले. झाकण पुन्हा उन्हात धरलं, सावलीत धरलं, पुन्हा उन्हात. मग मला म्हणाले, "बहनजी पेंट का काम करती हैं?"

"मॅचिंगचं," मी म्हटलं.

तीन नंबर ठरला. कागदपत्रांचं विचारायची उस्तादजींची पद्धत एका वाक्याची: "आरसी पे काला ही है ना?" आरसीवर काळाच होता. मॅट की चकचकीत याची तिथे नोंद नव्हती. सरकारच्या लेखी काळं ते काळं, भाईसाहबांसारखं. रंग पार बदलला असता तर आरटीओत जाऊन तो चढवून घ्यावा लागला असता. एक रंग मात्र करूच शकत नाही, मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन. मोटार वाहन नियमांतल्या 121 व्या नियमाप्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा. "रोज एक लड़का आता है, हरा करवा दो," उस्तादजी म्हणाले. "मैं बोलता हूँ, पहले भर्ती हो जा."

गॅरंटीचं मी विचारलं. तेव्हा दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरमधे पेट्रोलच्या गाडीचं आयुष्य पंधरा वर्षं होतं. त्यानंतर ती कितीही धडधाकट असो, तिने जायचं, असा नियम होता. हिशेब करून उस्तादजी म्हणाले, "अठारह की है ना? तेंतीस तक मेरा रंग चलेगा. उसके बाद रंग रहेगा, गाड़ी नहीं रहेगी."

एक अडचण उरली. पितृपक्ष चालू होता. इकडेही श्राद्धांच्या दिवसांत कोणी नवं काम काढत नाही, म्हणूनच तर उस्तादजींना आमच्यासाठी दोन दुपारी मोकळ्या होत्या. मला वाटलं, ही अडून बसेल. ती म्हणाली, "नवीन कुठे काय करतोय आपण? जुनाच रंग परत आणतोय. जमला तर जुना. नाही जमला तर मग नवीन म्हणायचं."

रंगवायच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. तो दिवस मी विसरणार नाही. आतल्या खोलीत चहूबाजूंनी प्लास्टिक सोडलेलं. जमिनीवर पाणी शिंपडलेलं, धूळ बसावी म्हणून. वाळूचं ठिगळ आणि ओरखडा रेगमालने उतरवून, मराठीत ज्याला लांबी म्हणतात ती भरून, प्रायमर मारून, पुन्हा पाण्याच्या कागदाने घासून टाकी छताच्या आकड्याला टांगलेली. उस्तादजींनी तोंडाला फडकं बांधलं, रंगात हार्डनर घातला, मापाच्या काडीवरची खूण डोळ्याजवळ नेऊन बघितली. आतापर्यंत बोलका असलेला माणूस एकदम मुका झाला. मॅटमधे हात थांबून चालत नाही. जिथे थांबला तिथे थर जाड, जिथे थर जाड तिथे चकाकी वेगळी, आणि मग टाकीवर झेब्रा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात सारख्या गतीने गेला, टाकीच्या बाहेर जाऊन मग बंद झाला, परत निम्म्या पट्ट्यावरून आला. कंप्रेसर भडभडत होता. ओला असताना रंग आरशासारखा चमकत होता आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मग बघता बघता एका टोकाकडून ती चमक विरत गेली, काचेवरची वाफ उलटी जावी तशी, आणि मागे कोरडी पाटी राहिली. मी श्वास सोडला.

त्याच क्षणी एक डास आला.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दिल्लीत डेंग्यूचे दिवस. प्लास्टिकच्या कुठल्या फटीतून तो आला देव जाणे, पण सबंध करोल बाग सोडून पेट्रोलच्या झाकणापासून दोन बोटांवर, अजून ओल्या असलेल्या एकमेव जागी तो टेकला. आम्ही तिघं बघत राहिलो. मी, उस्तादजी आणि कंप्रेसरवाला पोरगा. चकचकीत रंग असता तर चिमट्याने काढून, घासून, पॉलिश करून डासाचं नाव-निशाण राहिलं नसतं. इथे दोनच मार्ग: सगळा रंग पुन्हा, किंवा डास.

"दोबारा करूँ तो पैसा दोबारा," उस्तादजी म्हणाले. मग डोकं तिरकं करून बघत, "वैसे, नज़र नहीं लगेगी."

आपल्याकडे बाळाच्या गालाला तीट लावतात. माझ्या गाडीला पंख असलेली लागली.

गाडी घरी आली. "सात दिन हाथ मत लगाना, कपड़ा भी नहीं, पॉलिश तो कभी नहीं," एवढी पथ्यं. मी ती बाळंतिणीसारखी सांभाळली. खाली उतरलो की उभा राहून बघायचो. उन्हात बघितली, मेट्रोच्या पुलाच्या सावलीत बघितली, रात्री सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली बघितली. टाकी आणि गाडीच्या बाजूची झाकणं यांत फरक शोधून सापडेना. तीन नंबर बरोबर होता. हे मी हिला सांगितलं नाही. तिला माहीतच होतं.

आठव्या दिवशी, म्हणजे 12 ऑक्टोबरला, दसरा होता.

मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येईपर्यंत खाली गाडीची पूजा झाली होती. हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू (हे इकडचं, शेजारणीने सुचवलेलं), आणि टाकीच्या बरोब्बर मधोमध, हळद-कुंकू पाण्यात कालवून, अनामिकेने काढलेलं ठसठशीत स्वस्तिक. पंचवीस वर्षं दर दसऱ्याला ती आमच्या प्रत्येक गाडीवर असंच स्वस्तिक काढत आली आहे आणि दर दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्याने एका फटक्यात निघत आलं आहे. पण त्या सगळ्या गाड्या स्थिर पाणी होत्या.

कुंकू निघालं. हळद राहिली. सिलिकाच्या त्या मोजून-मापून केलेल्या खडबडीत ती आरामात जाऊन बसली होती. ओलं फडकं लावलं. शाम्पूचं पाणी लावलं. घासायची तर सोय नाही. घासलं तर स्वस्तिकाच्या आकारात चमक येणार आणि मग ते 2033 पर्यंत राहणार. उस्तादजींना फोन केला. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "हल्दी धूप में उड़ जाती है. धूप में खड़ी करो."

हे खरं आहे. कपड्यावरचा हळदीचा डाग आपल्या आया उन्हात वाळत घालूनच घालवतात. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. मी रोज सकाळी गाडी ढकलत इमारतीच्या पूर्वेला नेऊन ठेवायला लागलो. फक्त दिवाळी आली, आणि दिवाळीमागून नोव्हेंबर आला, आणि नोव्हेंबरात दिल्लीला ऊन नसतं. 18 नोव्हेंबरला हवेचा निर्देशांक 490 च्या पुढे गेला, तोही पाचशेपर्यंतच मोजणाऱ्या पट्टीवर. त्या दिवशी शहरावर सगळ्यात कडक, चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागले, आणि दुपारी बारा वाजता सूर्य बघितला तर तोही मॅट. त्याच्या भरवशावर मी गाडी उभी करत होतो.

डिसेंबरात धूर जरा हटला आणि स्वस्तिक फिकं व्हायला लागलं. पूर्ण गेलं नाही. समोरून बघितलं तर काही नाही. बाजूने, उजेड तिरका असला, तर काळ्यावर अगदी पुसटसं, सोनेरी झाक असलेलं दिसतं. त्याच्याखाली दोन बोटांवर डास.

परवा दुसऱ्या मजल्यावरचे भाईसाहब खाली आले. त्यांच्या मुलाने नवी बुलेट घेतली आहे. माझ्या गाडीपाशी थांबले, मान वाकडी केली, चष्मा वर सरकवला.

"भाईसाहब, ये शैडो वाला डिज़ाइन कहाँ से करवाया? बेटे को भी ऐसा ही चाहिए."

मी त्यांना करोल बागेतली गल्ली सांगितली, आतली गल्ली सांगितली, झाकणं उन्हात नेऊन बघायला सांगितलं आणि सोमवारी बाजार बंद असतो हेही सांगितलं. हळदीसाठी दुसरीकडे जावं लागेल, तेवढं सांगायचं राहिलं.